वणवा भुयारात किती पसरतो

२३ फेब्रु. ८६, रवि.
उदाजी मेला. म्हणजे मेला की नाही यावरच भांडण आहे.

विलासच्या माळ्यावर नेहमीसारखे चौघं. विलास खेळ चालवणारा, समोर काय घडतं ते तो सांगतो; दादा, नलू, मी आपापला कागदावरचा माणूस खेळतो. भुयारात समोरून दरोडेखोर आले. दादाचा उदाजी तलवार काढून सगळ्यांत पुढे, त्याच्या मागे माझी जादूगारीण, तिच्या मागे नलूची चोरटी. मी 'वणवा' मंत्र टाकला. आधी दोनदा टाकलाय, दोन्ही वेळा उघड्या रानात. आगीचा मोठा गोळा होतो, आत सापडला तो खाक, बाहेरच्याला काही नाही. आज उदाजीच्या खांद्यावरून चांगला लांब टाकला. दरोडेखोर गेले. आम्ही टाळ्या पिटल्या. विलास मात्र नकाशाकडे बघत बसलेला. मग म्हणाला, "भुयार अरुंद आहे. आगीला जागा कुठाय? ती मागं फिरणार. उदाजी जळला."

दादा: "गोळा म्हणजे गोळा. रानात जेवढा तेवढाच इथं."
विलास: "मग भिंतीत घुसलेली आग गेली कुठं?"
दादा: "दगडात. मला काय विचारतोस?"

उठला, चप्पल घातली, गेला. जिना उतरताना त्याला वेळ लागतो, म्हणून आम्ही तिघं बसून त्याचा एकेक पाय ऐकत होतो.

आग माझीच.

२५ फेब्रु.
दादा बोलत नाही. "मीठ दे" एवढंच. बाबांनी विचारलं, "काय झालं रं तुमां दोगांना?" दादा म्हणाला काय नाय. आई म्हणाली, "कागदावरचा माणूस मेला म्हणून घरात सुतक पाळताय का?"

आईला कसं सांगू. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दादा तालुक्याच्या कबड्डी संघात होता. चढाईला उठला की लोक बसलेले उभे राहायचे. मग गुडघा गेला. आता तहसील कचेरीत खुर्चीवर. आणि रविवारी दुपारी उदाजी. उदाजी ओढे उड्या मारून ओलांडतो, तटावरून धावतो. दादा ते सांगताना पुढे सरकून बसतो.

२ मार्च, रवि.
दादा आला नाही. खेळ झाला नाही. विलासने ते पुस्तक काढलं. त्याच्या जहाजावरच्या मामेभावाने परदेशातून आणलेलं, सगळं इंग्रजी, विलास वाचत वाचत मराठीत सांगतो. वणव्याबद्दल तीनच ओळी. दहा फूट त्रिज्येचा गोळा, जागा भरून टाकतो. भिंत आली तर काय, अक्षर नाही.

विलास शाळेत इतिहास शिकवतो, गणित म्हटलं की हात वर करतो. म्हणाला, "सरू, तू नकाशे काढतेस. नियम तू कर. जो निघेल तो मला मान्य."
नलू: "आणि अशोकदादाला?"
मी म्हटलं, विचारते.

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. ऑफिसात मी ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या रेषांवर कागद ठेवायचा आणि शाईने गिरवायच्या. तीन वर्षं दुसऱ्यांच्या रेषा. "नियम तू कर" असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

५ मार्च
दादा सायकलच्या साखळीला तेल घालत होता. विचारलं, मी नियम करतेय, मानशील का?
पेडल उलटं फिरवून साखळी बघितली. मग: "आधी नियम कर. उदाजी कुठं उभा होता ते मागनं बघ. उलटं केलंस तर मला कळेल."
म्हटलं, बरं.
इतक्या दिवसांनी एवढी तीन वाक्यं. बरं वाटलं.

९ मार्च, रवि.
नलूच्या गावी, चौक गावाच्या पुढे. ती आमच्याच ऑफिसात टायपिस्ट, खालापूरकडची. त्यांच्या शेतात आज राब भाजणार होते, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन जाळून घेणार; म्हटलं आग कशी पसरते ते डोळ्यांनी बघू. शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा हात. नलूच्या आईने पेटवलं तेव्हा मी वारा जातो त्या टोकाला उभी राहिले, कारण मला वाटलं वारा येतो तिकडून लावणार.
"तितं नको उभी ऱ्हाऊ गं, धूर येल. आमी उलट्या अंगानं लावतो. सावकाश जळाय पायजे, धावाय नाय पायजे."
खरंच सावकाश जळलं. दुपारभर. माझ्या कामाचं काही नाही. वणवा एका दमात फुटतो, हा पोटभर वेळ घेतो. पण तांदळाची भाकरी, सुकट, आणि नलूची आई विचारते, "त्या खेळात नलू काय करते?" नलू म्हणाली चोऱ्या. आई म्हणाली, "घरात तर सुई सापडत नाय तिला."
हसून हसून मुरकुंडी.

१३ मार्च
तीन रीती करून पाहिल्या.
(१) दादाची. भिंतीत गेलेली आग संपली. सोपी. पण मग तिजोरीएवढ्या खोलीत टाकला तर जवळजवळ सगळी आग दगडात आणि आत चिमूटभर. पटत नाही.
(२) विलासची. मागं फिरते. किती? तो म्हणेल तेवढी. हा नियम नाही, ही मर्जी झाली.
(३) माझी, भिंतीवरून चेंडूसारखी उडते. कोन काढत बसले. दोन भिंती झाल्या की डोकं फिरलं. फाडून टाकलं.

१६ मार्च, रवि.
सापडलं!!

आई जात्यावरची कणी पाखडून ठेवत होती. पेलाभर मागून घेतली. फरशीवर ओतली, गोल ढीग. गोळा केली. मग दोन पाट आडवे उभे करून मध्ये अरुंद गल्ली केली आणि तीच कणी मधोमध ओतली. पाटांना टेकली आणि दोन्हीकडे लांबच लांब पळाली. कणी तेवढीच. पाट जवळ आणले, आणखी लांब. एक तोंड विटेने बंद केलं, सगळी दुसऱ्या तोंडाने.

आई: "घोडीएवढी झालीस आणि कणीशी काय खेळतेस! ती उद्याच्या आंबोळ्यांची हाय."
बाबा खाटेवरून बघत होते. त्यांचा जन्म रेल्वेच्या इंजिनांत गेला. म्हणाले, "वाफेचं बी तसंच. कोंडली की लांब जाते."

म्हणजे आग किती, ते ठरलेलं. जागा कशी, त्यावर तिचा आकार. उघड्यावर गोळा. अडली तर जेवढी अडली तेवढी मोकळ्या बाजूंना, दोन्हीकडे सारखी. एवढंच. एवढं साधं! दिवसभर मनात म्हणत होते. माझं आहे हे. कुणाच्या रेषेवरून गिरवलेलं नाही.

१९ मार्च
एक अडकलंय. नकाशा चौकोनांचा, एक चौकोन पाच फुटांचा. आग चौकोनाच्या मधेच संपली तर त्यातला माणूस जळला की वाचला?

दादाला विचारलं, भुयाराचं नाव न काढता. तुमच्या कबड्डीत रेषेवर पाय पडला तर?
"पलीकडच्या जमिनीला अंग लागलं की बाद. पण तिथं पाय दिसतो. तुमच्या चौकोनात माणूस कुठल्या कोपऱ्यात उभा हाय ते कुणाला दिसतंय? अर्धा धर. अर्ध्याच्या वर आग आली तर बाद. खाली असली तर वाचला."
शाळेत आलेखाच्या कागदावर पानाचं क्षेत्रफळ असंच काढायचो. घेतला. हा नियम दादाचा, तसं लिहिणार.

२३ मार्च, रवि.
नियम पूर्ण झाला म्हणून आज पहिल्यांदा विलासचा त्या दिवशीचा नकाशा उघडला. भुयार दहा फूट रुंद, साडेसात उंच. मंत्र फुटला ती जागा लाल पेन्सिलीने. तिथून उदाजी सहाव्या चौकोनात. म्हणजे पंचवीस ते तीस फूट. आग साडेसत्तावीसच्या पुढे गेली तर मेला, अलीकडे थांबली तर वाचला.

केलं. गोळ्याचं घनफळ भुयारात दोन्हीकडे सारखं पसरलं तर जवळजवळ अठ्ठावीस फूट.

पुन्हा केलं. तेच.

चहा करून घेतला. परत केलं. तेच.

इतकं थोडक्यात! वीतभरसुद्धा नाही.

२७ मार्च
खोपोलीच्या गाडीची वाट बघत उभी होते, विलास भेटला. त्याला सांगितलं. तो आधी खूष, की त्याचंच खरं निघालं. मग माझा चेहरा बघितला.
"गोळ्याच्या सूत्रात पाय किती धरलास?"
बावीस भागिले सात.
"अगं, खेळात बावीस सप्तमांश कोण करत बसणार? तीन धर. सोपं. सगळ्यांना तोंडी येईल."
गाडीत बसल्या बसल्या तिकिटाच्या मागे केलं. पाय तीन धरला तर आग सत्तावीसच्याही आत थांबते. उदाजी वाचतो.

आणि विलासचं म्हणणं वाईट नाही. खेळायला सोपा नियम हवाच. मीच तो करून दिला तर कुणी नावं ठेवणार नाही. दादा परत येईल. त्याने सांगितलं होतं आधी नियम कर, मागनं उदाजी बघ. मी बघून बसलेय. आता तीन धरला तर उदाजीसाठीच धरला असं होणार, आणि ते त्याला कळेल.

दिवसभर ट्रेसिंगमध्ये दोन वेळा शाई सांडली.

३० मार्च, रवि.
ठरलं. बावीस सप्तमांशच. पण कुणाला गुणाकार करावा लागू नये. तक्ता केला. वरच्या ओळीत भुयाराची रुंदी, बाजूला उंची, खान्यात थेट किती चौकोन जळतील तो आकडा. एक तोंड बंद असेल तर खालचा तक्ता. खोलीसाठी वेगळा. विलास म्हणतो सोपं हवं, घे सोपं.

१ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत तक्ता शाईने काढला. माझी आजवरची सगळ्यांत चांगली अक्षरं. शेवटी तीन नियम, अर्ध्या चौकोनाच्या नियमापुढे कंसात 'अशोक' असं नाव. कोपऱ्यात जिथे "काढणार" आणि "तपासणार" असं लिहितात तिथे "काढणार" समोर माझं नाव घातलं. तिथे नेहमी साहेबांचं असतं.
मुख्य ड्राफ्ट्समन काका डोकावले. "कुठल्या टाकीचं गं हे?" म्हटलं वणव्याचं. ते चष्मा वर करून बघत राहिले. "घनफळ बरोबर आहे," म्हणाले, आणि अमोनिया प्रिंट काढायला स्वतः परवानगी दिली. निळ्या रेषांच्या चार प्रती. घरी आणेपर्यंत पिशवीला वास.

६ एप्रिल, रवि.
सावकाश लिहिते, सगळं राहायला हवं.

दादाला म्हटलं, नियम झालाय, माळ्यावर चल. आला. विलासने आधी तक्ता हातात घेतला आणि एकेक खाना बोटाने बघत गेला. नलू म्हणाली, "हे छापलेलं वाटतंय!" मी कणीची गोष्ट सांगितली. सगळ्यांना पटली. मग नकाशा पसरला.

दादाने स्वतः तक्त्यात बघितलं. दहा रुंद, साडेसात उंच. बोटाने चौकोन मोजले. सहाव्यावर बोट थांबलं.

विलास घाईने: "अशोक, हे फार थोडक्यात आहे. सरूने पाय अगदी काटेकोर धरलाय. तीन धरला तर..."
दादा: "माझा एक पाय गेलाच हाय, हा तरी धड असू दे." मग हसायचं की नाही ते आम्हाला कळेना. तो माझ्याकडे वळला. "तीन धरला तर काय?"
"तर वाचतो."
"खरा किती?"
"तीनच्या वर."
"उदाजी बघायच्या आधी किती धरला होतास?"
"हाच."

दादाने नकाशावरचं बोट उचललं. मग त्याने हात वर केला. तसाच, मैदानात बाद झालेला खेळाडू पंचांकडे न बघता आपणहून करायचा तसा. "बाद," म्हणाला. भिंतीला धरून उठला आणि नकाशाच्या बाहेर, खिडकीशी जाऊन बसला.

नलूला रडू आलं. विलास चष्मा पुसत होता. असा माणूस माझा भाऊ आहे. त्याचा खेळ आम्ही सगळ्या कर्जतने बघितला होता, पण हे त्याहून वरचं.

खिडकीतून म्हणाला, "बाकीच्यांनी खेळा की. भुयारातनं बाहेर पडायचंय ना?"

७ एप्रिल
सकाळी दादा आईला सांगत होता, ती कणी वाया गेली नाय, सरीने नियम काढला. आई: "मग आंबोळ्या कुटं हायत?"
प्रिंटची एक प्रत त्याने कपाटाच्या दाराला आतून लावलीये. कबड्डीच्या फोटोशेजारी. मला सांगितलं नाही. रुमाल काढताना दिसली.

१४ एप्रिल
जयंती. पहाटेपासून वस्तीत निळे झेंडे, रांगोळ्या, बुद्धविहारात वंदना. बाबांनी पांढरा सदरा घातला. संध्याकाळी पटांगणावर कबड्डीचे सामने. दोन वर्षं दादा त्या वेळी घरातच बसायचा. यंदा पोरांनी पंच व्हायला बोलावलं आणि हा गेला!

शेवटच्या सामन्यात आपल्याच वस्तीचा चढाईपटू, एकच गुण हवा. परत येताना त्याची टाच बाहेर टेकली. कुणी पाहिलं नाही, दादाने पाहिलं. शिट्टी. "बाद." आरडाओरडा झाला. एकजण तर म्हणाला, "आपला हाय रं तो, अशोकदा!" दादा रेषेजवळ गेला, वाकून मातीतली टाचेची खूण दाखवली, आणि परत आपल्या जागी उभा राहिला. गुडघा दुखत असणार, पण बसला नाही.

हरलो. बाबा घरी येताना पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ताठ उभा व्हता. बघितलंस ना? ताठ."

२० एप्रिल, रवि.
दादा नवा माणूस घेऊन खेळात आला! मला वाटलं परत कुणी तलवारबहाद्दर. नाही. म्हातारा जादूगार, काठी टेकत चालणारा. नाव तात्या. विलासने विचारलं, धावू शकतो का? दादा: "नाय. धावायची गरज पडणार नाय." आणि मंत्रांत पहिला निवडला, वणवा.

नलूची चोरटी लगेच तात्याची काठी चोरायला गेली. पकडली गेली. दादाने असा काही म्हाताऱ्याचा आवाज काढला की विलासची आई खालून बघायला आली.

आम्ही गडाच्या पायथ्याशी पोचलोय. वर तट, उतारावर वाळलेलं गवत, शत्रू वरून येतायत. तात्या म्हणाला, "टाकतो वणवा." विलासने फासे हातात घेतले आणि थांबला.
"उतारावर कसा पसरतो?"
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तक्त्यात भुयारं आहेत, खोल्या आहेत. उतार नाही. सुचलाच नाही.
विलास: "मग पुढच्या रविवारी. सरूला विचारून."
दादा: "सरूला एकटीला नाय. मंत्र माझा हाय. दोघांना विचार."

विलासने सांगितलं, मामेभावाच्या ओळखीची पोरं पुण्याला हाच खेळ खेळतात, त्यांनी आमचा तक्ता हाताने उतरवून घेतला. एकजण म्हणे भांडला, की आग दोन्हीकडे सारखी का? मला राग यायला हवा होता. उलट दिवसभर गुणगुणत होते. ज्याच्यावर पुण्यात भांडतात तो नियम कर्जतच्या एका स्वयंपाकघरात झाला.

२६ एप्रिल, शनि.
दादाच म्हणाला, बघून येऊ. गावाच्या मागच्या डोंगरावर गेल्या आठवड्यात गवत पेटलं होतं, तो काळा पट्टा रस्त्यावरून दिसतो. मी म्हटलं, चढवेल का? म्हणाला, अर्ध्यापर्यंत.

अर्ध्याच्या वर गेला. मी मागे मागे. काळ्या जागेची खालची कड बघ म्हणाला, सरळ, जणू कुणी पट्टी लावून ओढलीये. वरची कड बघ, जिभा जिभा, कुठे पार कातळापर्यंत. "आग वर चढते. खाली उतरत नाय. कणी उतरते."

खरं आहे. माझी कणी इथे चालत नाही.

मी म्हटलं, हा वणवा वाऱ्याने चढला असेल, मंत्राच्या आगीला वारा कुठला.
"तुझ्या तक्त्यात वारा नाय म्हणून डोंगरावर नाय का?"
एका दगडावर बसलो, मी काटकीने मातीत उतार काढला, त्याने तो खोडून दुसरा काढला. त्याचं म्हणणं, वर दुप्पट आणि खाली काहीच नाही. मला दुप्पट पटत नाही. आग किती ते ठरलेलं आहे. खाली कमी झाली तेवढीच वर जाणार, त्याहून जास्त आणायची कुठून? तो म्हणतो गवतातनं. गवत जळलं की ती नवी आग. मग नियमात गवत धरायचं का? मग दगडी उतार वेगळा, गवताचा वेगळा? विलास वेडा होईल.

दादा गुडघा चोळत होता. ऊन उतरलं होतं, खाली उल्हास नदीचं पात्र आणि गाडीचा धूर. लांबून एवढंसं कर्जत. मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

उद्या रविवार. दोघांचं एकमत नाही, आणि विलासला काहीतरी सांगावं लागणार. दादा म्हणतो, आधी मी बोलणार, तात्या माझा हाय. मी म्हटलं, नियम माझा. म्हणाला, "मग भांड की उद्या."

उतरताना त्याने माझ्या खांद्याला धरलं होतं. दोन पावलं गेलो आणि तो थांबला. मला वाटलं गुडघा.

"सरे," म्हणाला, "आणि गवत ओलं असलं तर?"